मतभेदाची रीत

जोतिबाच्या डोंगराच्या उत्तरेस, वारणेच्या खोऱ्यात, उसाच्या हिरव्या पट्ट्याने वेढलेले पन्हाळा तालुक्यातील कोडोली हे गाव एका अंगास वारणानगरच्या सहकारी संस्थांचा विस्तार आणि दुसऱ्या अंगास ख्रिस्ती मिशनची जुनी परंपरा यांच्या सहवासात वाढले असून, बाजारपेठ, शाळा, दवाखाने, बँका आणि दूध संस्था यांच्या योगाने त्याला आज लहानशा शहराचे रूप आले आहे. तथापि शहर आणि गाव यांच्यातील एक मूलभूत भेद येथे अद्याप शाबूत आहे. महानगरात ज्याची राजकीय मते आपल्याला रुचत नाहीत त्याची संगत सोडून देणे सुलभ असते. त्याचा आणि आपला व्यवहार फारसा कोठे गुंतलेला नसतो. कोडोलीत मात्र सकाळी चहाच्या टपरीवर ज्याच्याशी शब्दाला शब्द लागला, तोच गृहस्थ सायंकाळी दूध संस्थेच्या दारात किटली घेऊन आपल्या पुढे उभा असतो, पाणीपुरवठा संस्थेच्या पाळीत आपल्या मागोमाग त्याचाच क्रमांक असतो, आणि घरात मांडव पडला म्हणजे पहिले निमंत्रणही त्याच्याच घरी धाडावे लागते, कारण बहुधा तो भावकीतला असतो. मतभेद झालेल्या माणसापासून पळून जाण्याची मुभा जेथे नाही, तेथे मतभेद कसा करावा हा प्रश्न शिष्टाचारापुरता राहत नाही. तो गावाच्या नांदण्याचा प्रश्न होतो.

या परिसरात राजकारणाचे प्रसंगही थोडे नाहीत. लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद आणि पंचायत समिती या निवडणुका पक्षचिन्हांवर होतात. ग्रामपंचायतीची निवडणूक मात्र कायद्याने पक्षचिन्हांविना होते, आणि म्हणून तेथे पक्षांऐवजी गट आणि पॅनेल उभी राहतात. यांखेरीज विकास सेवा सोसायटी, दूध संस्था, पतसंस्था, साखर कारखाना आणि जिल्हा बँक यांच्या संचालक मंडळांच्या निवडणुका वेगळ्याच. लोकसभेला ज्याच्या खांद्याला खांदा लावून फिरलो, त्याच्याविरुद्ध सोसायटीच्या पॅनेलमध्ये उभे राहण्याचा प्रसंग कोल्हापूर जिल्ह्यात कोणाला अपूर्व वाटत नाही. या गुंतागुंतीला पुष्कळजण संधिसाधूपणा म्हणून नावे ठेवतात. परंतु तिच्यातील एक गुण ध्यानात घेण्याजोगा आहे: जेथे आजचा विरोधक कालचा सहकारी होता आणि उद्या पुन्हा होण्याचा संभव आहे, तेथे विरोधकाला कायमचा शत्रू ठरविणे व्यवहारतःच अशक्य होते. राजकीय सौजन्याची भूमी येथे निसर्गतःच तयार आहे. उणीव आहे ती मशागतीची.

मशागत नसल्यामुळे या भूमीत दोन प्रकारचे तण माजते. पहिले ईर्षेचे. कोल्हापूरकरांना स्वतःच्या ईर्षेचा अभिमान आहे, आणि त्या अभिमानास काही आधारही आहे. 2024 च्या विधानसभा निवडणुकीत जिल्ह्याचे मतदान 76 टक्क्यांच्या घरात जाऊन राज्यात अग्रस्थानी राहिले, यामागे ही ईर्षाच होती. मतदानाच्या दिवशी जी वृत्ती लोकशाहीला बळ देते, ती मात्र निकालानंतरही उतरली नाही म्हणजे चुलत्या-पुतण्यांचे बोलणे बंद होते, एका आळीचा रस्ता दुसऱ्या आळीच्या सदस्यांकडून अडविला जातो, आणि ज्याने विरोधात प्रचार केला त्याचा दाखल्याचा साधा अर्जही पंचायतीच्या दप्तरात पडून राहतो. दुसरे तण मौनाचे, आणि ते वरकरणी सभ्य दिसत असल्यामुळे अधिक फसवे आहे. ‘येथे राजकारणावर बोलू नये’ अशी पाटी काही दुकानांत लावलेली असते. घरोघरी जेवणाच्या पंगतीत विषय निघाला की वडीलधारे ‘असू दे तिकडं’ म्हणून तो मिटवितात. मित्रमंडळींच्या गटांत तसा नियमच केलेला असतो. हेतू निर्मळ आहे, सलोखा टिकावा हाच आहे. पण परिणाम मात्र असा होतो की विचारी माणसे गप्प बसतात आणि पाणी, रस्ता, शाळा, ऊसदर यांसारख्या सर्वांच्या हिताच्या प्रश्नांवर बोलण्याचा मक्ता ज्यांचा आवाज मोठा आहे त्यांच्याकडे आपोआप जातो.

सौजन्य म्हणजे मौन, ही समजूत म्हणूनच मुळातून तपासली पाहिजे. मौन राखावयाचे असेल तर सौजन्याची गरजच काय? ज्याला बोलावयाचे आहे, विरोध करावयाचा आहे आणि विरोध करूनही उद्या त्याच बांधावर उभे राहावयाचे आहे, त्याच्यासाठीच सौजन्याची शिस्त निर्माण झाली. ही शिस्त महाराष्ट्राला नवीन नाही. तिचा एक मोठा धडा, आणि त्याचबरोबर तिच्या अभावाचाही धडा, कोल्हापूरच्याच एका प्रकरणात सापडतो.

1880 नंतरच्या दोन वर्षांत करवीर संस्थानचे तरुण छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांच्या मनःस्वास्थ्याविषयी नाना प्रकारच्या वार्ता पसरल्या होत्या. महाराजांचा छळ चालला आहे आणि संस्थानचे कारभारी माधवराव बर्वे त्यास जबाबदार आहेत, असा प्रवाद होता, आणि त्यास पुष्टी देणारी काही पत्रे पुण्यातील मंडळींच्या हाती आली. जानेवारी 1881 मध्ये सुरू झालेल्या ‘केसरी’ने आणि त्याच्या जोडीच्या ‘मराठा’ या इंग्रजी पत्राने त्या आधारावर बर्व्यांवर कठोर टीका केली. ‘केसरी’चे संपादक गोपाळ गणेश आगरकर होते व ‘मराठा’चे बाळ गंगाधर टिळक, दोघांचाही जन्म 1856 चा, म्हणजे पंचविशीतील दोन तरुण. बर्व्यांनी मुंबईत अब्रूनुकसानीची फिर्याद गुदरली. न्यायालयापुढे ती पत्रे टिकली नाहीत. ज्या मजकुरावर विश्वास ठेवून लिहिले तो खोटा निघाल्याचे दिसताच संपादकांनी क्षमायाचना केली. तरीही जुलै 1882 मध्ये दोघांना चार महिन्यांची साध्या कैदेची शिक्षा झाली आणि त्यांपैकी 101 दिवस त्यांनी मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात काढले. आगरकरांनी त्या दिवसांची हकिगत ‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे 101 दिवस’ या पुस्तकात लिहून ठेवली आहे.

या खटल्यातील दोन गोष्टी आजच्या वाचकाने विशेष लक्ष देऊन पाहाव्यात. पहिली अशी, की या दोन तरुणांच्या जामिनासाठी धावून आलेल्यांत महात्मा जोतीराव फुले होते. 1873 साली ‘गुलामगिरी’ लिहून आणि त्याच वर्षी सत्यशोधक समाज स्थापून पुण्याच्या ब्राह्मणी पुढारीपणावर ज्यांनी सर्वांत प्रखर प्रहार केले, त्या जोतीरावांनी आपले सत्यशोधक स्नेही रामशेठ उरवणे यांना पुढे करून 10,000 रुपयांचा जामीन देवविला, आणि सुटकेनंतर या दोघांच्या सत्कारातही सत्यशोधक मंडळींनी भाग घेतला. जोतीरावांनी त्याकरिता आपले एकही मत सौम्य केले नाही. पुढल्याच वर्षी त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. मत तिळमात्र न बदलता विरोधी मताच्या माणसाचा जामीन देता येतो, हे 1882 साली घडून गेलेले आहे. दुसरी गोष्ट अशी, की सद्हेतूने का होईना, शहानिशा न झालेला मजकूर प्रसिद्ध केल्याबद्दल त्या संपादकांनी उघड माफी मागितली. हाती आलेला मजकूर आपल्या समजुतीला पोषक असला म्हणजे त्याची परीक्षा करण्याची इच्छाच मंदावते, हा मनुष्यस्वभाव आहे. आज मोबाइलवर आलेला संदेश खातरजमा न करता दहा ठिकाणी पुढे धाडणाऱ्या हातांकडे तर छापखानाही नसतो आणि फिर्यादीचे भयही नसते. म्हणून ती जबाबदारी आता प्रत्येकाने स्वतःहून घ्यावी लागणार आहे. खोटा निघालेला संदेश ज्या गटात पाठविला, त्याच गटात ‘तो मजकूर खोटा होता’ असे लिहिणे, एवढे करणारा मनुष्य गावात एक जरी निघाला तरी त्याच्या पुढच्या शब्दाला वजन येते.

डोंगरीत एकत्र राहिलेल्या या मित्रांची पुढची कथा अधिक दुःखद आणि म्हणून अधिक बोधप्रद आहे. समाजसुधारणा आधी की राजकीय स्वातंत्र्य आधी, या प्रश्नावर त्यांचे मार्ग फुटले. आगरकरांनी 1887 मध्ये ‘केसरी’ सोडला, 1888 मध्ये ‘सुधारक’ काढला. 1891 च्या संमतिवयाच्या कायद्याच्या वेळी तर दोन्ही पक्षांच्या लेखण्यांना सौजन्याचे भान पुष्कळदा उरले नाही. लेखणीचा तोल गेला की अनुयायांचे हात कोठवर जातात याचे उदाहरणही पुण्याने पाहिले: सुधारणेच्या विरोधकांनी आगरकर हयात असताना त्यांची प्रेतयात्रा काढली. 17 जून 1895 रोजी आगरकर निवर्तले, तेव्हा त्यांच्यावर ‘केसरी’त मृत्युलेख लिहिण्याचा प्रसंग टिळकांवर आला, आणि त्या लेखात जुना स्नेह व्यक्त झाल्याविना राहिला नाही. वीस वर्षांनंतर, फेब्रुवारी 1915 मध्ये, ज्यांच्याशी जन्मभर राजकीय वैर म्हणावे इतका विरोध झाला त्या गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या चितेपाशी उभे राहून टिळकांनी त्यांचा मुक्तकंठाने गौरव केला. हा गौरव खरा होता, परंतु तो ऐकण्यास ना आगरकर होते ना गोखले. मृत्यूनंतर जे बोलता येते ते हयातीत बोलता आले असते, तर महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनातील किती तरी कटुता वाचली असती, असे वाटल्याविना राहत नाही. आणि मोठ्यांना जे साधले नाही ते आपल्या गल्लीत, आपल्या सोसायटीत साधण्याचा प्रयत्न करणे हेच त्या इतिहासाचे खरे ऋण फेडणे होय.

तो प्रयत्न कोणत्या रीतीने करावा, याचे उत्तर आपल्या जुन्या शास्त्रपरंपरेत आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. दोन्ही पक्ष प्रमाणे आणि तर्क यांच्या आधारे सत्य शोधण्यासाठी बोलतात तो वाद. केवळ जिंकण्यासाठी, शब्दच्छलाचाही आश्रय करून बोलतात तो जल्प. आणि स्वतःचा कोणताही पक्ष न मांडता दुसऱ्याचा पक्ष मोडण्यातच जो समाधान मानतो त्याची वितंडा. कोल्हापूरच्या राजकीय बोलण्यात आखाडा, शड्डू, चीतपट हे शब्द तालमीतून आले आहेत आणि निवडणुकीच्या वर्णनास ते शोभतातही. कुस्तीत एकाची पाठ मातीला लागल्याविना निकाल लागत नाही, म्हणून ती जल्पाच्या जातीची. पारावरील चर्चेत मात्र कोणाची पाठ लावावयाची नसते. तेथे दोघांनाही आपापल्या मतातले कच्चे दुवे उमगावेत, हाच लाभ असतो, आणि तो लाभ वादातूनच होतो.

वाद शुद्ध राहावा म्हणून शास्त्रकारांनी जी युक्ती योजिली ती म्हणजे पूर्वपक्ष. आपला सिद्धान्त मांडण्यापूर्वी प्रतिपक्षाचे म्हणणे, त्याची सर्व कारणे देऊन, त्याच्या सामर्थ्यासह मांडावयाचे. मगच उत्तरपक्षाला आरंभ करावयाचा. मीमांसा, वेदान्त, धर्मशास्त्र यांतील अनेक ग्रंथांची रचना याच क्रमाने झालेली आहे, आणि ज्याने पूर्वपक्ष दुबळा करून मांडला त्याचा सिद्धान्तही विद्वानांत दुबळाच गणला गेला. आगरकरांनी ज्याचे ग्रंथ आदराने वाचले त्या जॉन स्टुअर्ट मिलने 1859 साली प्रसिद्ध केलेल्या स्वातंत्र्यावरील निबंधात हाच विचार वेगळ्या मार्गाने मांडला: जो केवळ आपलीच बाजू जाणतो, त्याला आपली बाजूही पुरती कळलेली नसते, आणि विरोधी मत ते मानणाऱ्याच्याच तोंडून ऐकले पाहिजे. दोन भिन्न संस्कृतींतील विचारवंत एकाच ठिकाणी येऊन पोहोचतात, तेव्हा त्या ठिकाणी काही तरी भक्कम आहे असे समजण्यास हरकत नाही.

ही शास्त्री-पंडितांची पद्धत टपरीवर कशी उतरावी, अशी शंका येईल. ती फार सहज उतरते. समजा, गावात पाण्याची नवी टाकी कोठे बांधावी यावरून दोन तट पडले आहेत. खालच्या आळीतील तरुणाने विरोधी तटाच्या वयस्क गृहस्थास प्रथम एवढेच म्हणावे: ‘मामा, तुमचं म्हणणं असं हाय न्हवं, की टाकी वरच्या आळीत व्हावी, कारण उन्हाळ्यात तिथं नळाला पाणी चढत न्हाई आणि टँकरची वाट बघाया लागते? माझं काय समजायचं ऱ्हायलंय का?’ मामा बहुधा एखादे कारण जोडतील. ते ऐकून घ्यावे. ‘व्हय, हेच म्हणतोय मी’ असे त्यांच्या तोंडून येईपर्यंत आपले मत काढू नये. इतके झाले म्हणजे पुढे कितीही कडक विरोध करा, तो विरोध मामांना अपमान वाटत नाही. कारण आपले म्हणणे या पोराला कळले आहे एवढी खात्री त्यांना पटलेली असते. राजकीय बोलण्यातील निम्मी कटुता मताला झालेल्या विरोधाची नसून, न ऐकताच झालेल्या निवाड्याची असते. शिवाय मामा, तात्या, आण्णा, वहिनी अशी नात्यांची संबोधने आपल्या बोलीत प्रतिपक्षालाही आपसूक लागतात. ती तोंडी असताना बोलणारा मर्यादा सहसा सोडीत नाही. ज्या दिवशी चर्चेतून ही संबोधने गळून पडतात आणि ‘तुमच्यासारखी माणसं’ असा सामुदायिक उल्लेख सुरू होतो, त्या दिवशी भांडणाला आरंभ झाला असे समजावे.

ऐकण्याच्या सामर्थ्याविषयी अलीकडे पाश्चात्त्य देशांत काही प्रयोगही झाले आहेत. 2016 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ कॅला या संशोधकांनी अमेरिकेतील मायामी येथील एक प्रयोग प्रसिद्ध केला. कार्यकर्त्यांनी मतदारांच्या दारी जाऊन पारलिंगी व्यक्तींविषयीच्या पूर्वग्रहावर सुमारे दहा मिनिटे संभाषण केले. त्यात युक्तिवादाचा भडिमार न करता, मतदाराला स्वतःला कधी वेगळे ठरवून हिणविले गेले होते काय, हे त्यांनी विचारले व उत्तर शांतपणे ऐकून घेतले. या संभाषणाने पूर्वग्रह कमी झाला आणि तो परिणाम तीन महिन्यांनंतरही टिकून राहिलेला आढळला. परक्या माणसाच्या दहा मिनिटांच्या ऐकण्याने एवढे होते, तर जन्मभर एकमेकांना ओळखणाऱ्या शेजाऱ्यांच्या ऐकण्याने किती होईल, याची कल्पना करावी.

येथे एक गंभीर आक्षेप उपस्थित होतो, आणि त्याचा विचार केल्याविना हे विवेचन अपुरे राहील. ज्याच्यावर पिढ्यान् पिढ्या अन्याय झाला, ज्याला पाणवठ्यावर उभे राहू दिले नाही, त्याला ‘हळू आवाजात बोल’ असे सांगणे हे सौजन्य आहे काय? मुळीच नाही. सौजन्याचा पहिला भार नेहमी सामर्थ्यवानाने उचलला पाहिजे. याही बाबतीत कोल्हापूरने एक उदाहरण घालून दिले आहे. 26 जुलै 1902 च्या हुकुमाने आपल्या संस्थानच्या नोकऱ्यांतील 50 टक्के रिकाम्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवणारे राजर्षी शाहू महाराज 21 व 22 मार्च 1920 रोजी माणगाव येथे भरलेल्या अस्पृश्य समाजाच्या परिषदेस स्वतः गेले, तरुण भीमराव आंबेडकर अध्यक्षस्थानी असलेल्या त्या सभेत श्रोता म्हणून बसले, आणि या समाजाला आपला पुढारी लाभला असल्याचे त्यांनी जाहीरपणे सांगितले. ज्याच्या एका हुकुमाने संस्थान हलत होते त्याने दुसऱ्याच्या अध्यक्षतेखाली बसून ऐकावे, यात सौजन्याचा सारा अर्थ सामावला आहे. गावात सरपंच, संचालक, मोठा बागायतदार, ज्येष्ठ पुरुष यांनी आधी ऐकावयाचे आहे. शेतमजूर, नवखा तरुण, सून म्हणून आलेली स्त्री यांच्या बोलण्यात संताप असला तरी त्या संतापामागचे कारण शोधावयाचे आहे. कठोर शब्द उच्चारला म्हणून न्याय्य तक्रार बाद ठरविणे ही सभ्यतेच्या आडून केलेली दांडगाई होय.

याच विचाराने आपल्या कायद्यात काही सोयी केलेल्या आहेत, पण त्यांचा उपयोग आपण मनापासून करीत नाही. 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमाने गावातील प्रत्येक मतदार ग्रामसभेचा सभासद आहे, आणि 1993 मध्ये अमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने त्या सभेला संविधानाचे अधिष्ठान दिले. नियमित ग्रामसभेपूर्वी स्त्रियांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद महाराष्ट्राच्या कायद्यात आहे. पुरुषांच्या गर्दीत ज्या बोलणार नाहीत त्यांचे म्हणणे आधी नोंदले जावे, हा तिचा उद्देश. विधिमंडळात सभासद प्रतिपक्षाकडे वळून बोलत नाही, ‘अध्यक्ष महाराज’ म्हणून अध्यक्षांना उद्देशून बोलतो. या लहानशा रिवाजाने कितीतरी वैयक्तिक ठिणग्या विझतात. ग्रामसभेतही हाच रिवाज कसोशीने पाळला जावा. याउलट आपल्या भागातील पुष्कळ सहकारी संस्थांच्या वार्षिक सभांत काय घडते ते सर्वश्रुत आहे: अहवाल वाचला जाण्यापूर्वीच एका बाजूने ‘मंजूर, मंजूर’ आणि दुसऱ्या बाजूने ‘नामंजूर, नामंजूर’ अशा घोषणा उठतात, काही मिनिटांत राष्ट्रगीत होते, आणि विरोधक मंडपाबाहेर समांतर सभा भरवून आपले प्रश्न तेथे वाचून दाखवितात. ज्या सभासदाने ऊस घातला आणि दूध घातले, त्याला आपल्या संस्थेचा ताळेबंद ना आतल्या सभेत कळतो ना बाहेरच्या. सहकाराची उभारणी एका सभासदास एक मत या तत्त्वावर झाली आहे. त्या मतामागे विचार उभा राहावा म्हणून प्रश्न विचारण्यास व उत्तर ऐकण्यास अवकाश मिळणे हा सभासदाचा हक्क आहे.

विरोध अत्यंत तीव्र असूनही शिस्तीत करता येतो, याचा दाखला संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याने दिला आहे. 30 नोव्हेंबर 1957 रोजी प्रतापगडावर शिवछत्रपतींच्या अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण करण्यास पंतप्रधान जवाहरलाल नेहरू आले, तेव्हा द्वैभाषिक मुंबई राज्याविरुद्ध संतापलेली हजारो माणसे संयुक्त महाराष्ट्र समितीच्या हाकेस ओ देऊन वाटेवर काळी निशाणे घेऊन जमली. मुंबईत गोळीबारात पडलेल्या हुतात्म्यांचे रक्त तोवर सुकलेले नव्हते. तरीही एस. एम. जोशी आणि त्यांचे सहकारी यांनी ती निदर्शने शांततेने पार पाडली, आणि मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या सरकारनेही लोकांना आपला निषेध पंतप्रधानांच्या दृष्टीस पडेल अशा रीतीने व्यक्त करू दिला. दोन्ही पक्षांनी राखलेल्या या मर्यादेमुळे मराठी जनतेची भावना दिल्लीपर्यंत अविकृत रूपात पोहोचली. 1 मे 1960 रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले, त्यास कारणे अनेक होती. त्यांत या शिस्तीचाही वाटा होता.

आणि ही मर्यादा सर्वस्वी सुटली म्हणजे काय होते, हेही कोल्हापूरने पाहिले आहे. आयुष्यभर सभांतून, शिबिरांतून आणि 1988 साली प्रसिद्ध झालेल्या ‘शिवाजी कोण होता?’ यासारख्या पुस्तिकेतून आपले विचार साध्या भाषेत मांडणारे कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यावर 16 फेब्रुवारी 2015 रोजी सकाळी, पत्नीसह फिरावयास गेले असता, कोल्हापूर शहरात गोळ्या झाडण्यात आल्या. चार दिवसांनी त्यांचे निधन झाले. पानसऱ्यांच्या विचारांशी असहमत असणारी माणसे या जिल्ह्यात पुष्कळ होती आणि आहेत. त्यांना त्यांच्याशी वाद घालण्याचा पुरता अधिकार होता, आणि पानसऱ्यांनी तो वाद आनंदाने घातला असता. ज्या समाजात वादाची सवय मोडते, तेथे विचाराला उत्तर देण्याचे अन्य मार्ग शोधणाऱ्यांना धीर येतो. म्हणून टपरीवरील, पंगतीतील, ग्रामसभेतील आपले रोजचे बोलणे क्षुल्लक समजू नये. असहमत माणसाशी बोलत राहण्याची सवय तेथेच लागते किंवा तेथेच मोडते.

कोडोलीसारख्या गावास यासाठी कोणताही निधी नको आणि कोणत्याही साहेबांची मंजुरी नको. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर यांपैकी ज्या दिवशी पुढची ग्रामसभा भरेल, त्या दिवशी सरपंचांनी एकच नियम सांगावा आणि तो प्रथम स्वतः पाळावा: ज्या ठरावावर दोन मते असतील, त्यावर बोलू इच्छिणाऱ्याने आधी विरुद्ध बाजूचे म्हणणे थोडक्यात सांगावे, ते बरोबर सांगितले असल्याचा होकार त्या बाजूच्या एकाकडून घ्यावा, आणि मगच आपले मत मांडावे; ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी दोन्ही म्हणणी इतिवृत्तात नोंदवावीत. आरंभी वेळ अधिक लागेल, काही जण चिडतील, काहींना हा पोरखेळ वाटेल. परंतु ज्या टाकीचा, ज्या रस्त्याचा, ज्या शाळेच्या खोलीचा निर्णय या रीतीने होईल, तो ज्यांच्या मताविरुद्ध गेला त्यांनाही आपले म्हणणे ऐकून नाकारले गेले हे ठाऊक असेल, आणि त्यांचे म्हणणे दप्तरी लेखी राहील. पुढच्या वर्षी परिस्थितीने त्यांची बाजू खरी ठरविली, तर तो निर्णय कोणाचीही मान खाली न घालता फिरविता येईल. बहुमताने झालेला निर्णय अल्पमताला सोसता येणे आणि चुकलेला निर्णय बहुमताला सुधारता येणे, या दोन गोष्टी जेथे शक्य होतात तेथेच लोकशाही नांदते. त्या दोहोंची सुरुवात शेजाऱ्याचे म्हणणे त्याला पटेल अशा शब्दांत सांगता येण्यापासून होते, आणि ती सुरुवात करणे प्रत्येकाच्या हाती आहे.